समुद्राचं पाणी की पाकिटातलं मीठ? गोव्यात क्लाउनफिशची छोटी टाकी लावण्यापूर्वी

साखळीहून माझ्या मावसभावाचा गेल्या आठवड्यात फोन आला. मुलीला क्लाउनफिश पाळायचेत, वाढदिवस पंधरा दिवसांवर आलाय, आणि त्याने हिशेबही मांडून ठेवला होता. काच, फिल्टर, दिवा, दोन मासे. पाण्यापुढे मात्र शून्य. "दादा, समुद्र तासाभरावर असताना मीठ विकत कशाला घ्यायचं?"

गोव्यात खाऱ्या पाण्याची टाकी लावू पाहणारा प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो. मीही विचारला होता. माझी पहिली टाकी वागातोरच्या समुद्राच्या पाण्यावर चालली आणि आताची पाकिटातल्या मिठावर, म्हणजे खास माशांच्या टाकीसाठी बनवलेल्या समुद्री क्षारांच्या मिश्रणावर चालते. तेव्हा दोन्ही बाजू त्याला फोनवर सांगितल्या, त्याच इथे जरा सविस्तर लिहितो.

समुद्राचं पाणी

आधी त्याच्या बाजूने. खुल्या समुद्राच्या पाण्यात दर लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि कॅल्शियम, मॅग्नेशियमपासून सगळी मूलद्रव्यं आपापल्या प्रमाणात असतात. ते प्रमाण साधण्यासाठीच पाकिटं बनवणाऱ्यांचा सगळा आटापिटा चाललेला असतो. डिसेंबर ते एप्रिल या काळात, भर भरतीला, नदीच्या मुखापासून लांब आणि स्वच्छ जागी भरलेलं पाणी खरोखर चांगलं असतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

अडचण आहे ती "नदीच्या मुखापासून लांब" या अटीची. तेरेखोल, शापोरा, मांडवी, झुआरी, साळ, तळपण, गालजीबाग. एवढ्याशा किनाऱ्यावर इतक्या नद्या समुद्राला मिळतात की मुखापासून खरंच दूर अशी जागा शोधावी लागते. जूनमध्ये पाऊस लागला की पहिल्या काही आठवड्यांतच मांडवीच्या मुखाशी वरचं पाणी जवळजवळ गोडं होतं. मी पहिल्या वर्षी नेमकं याच दिवसांत पाणी बदललं. पाणी दिसायला खारं, चवीलाही खारं. घरी येऊन मोजलं तेव्हा घनता (खारेपणाचं माप) १.०१४ निघाली, हवी होती १.०२५. तोवर बादलीभर पाणी टाकीत गेलेलं होतं. मासे वाचले, कारण क्लाउनफिश चिवट असतो. पण दगडांवरचे बारीक किडे आणि गोगलगाई गेल्या, आणि ते सगळं कुजून पुढचे दहा दिवस मी अमोनियाशी झगडत होतो.

पाऊस गेल्यावर सगळं ठीक होतं असंही नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या किनाऱ्यासमोर खोलातलं पाणी वर सरकतं. त्यात नायट्रेट आणि फॉस्फेट भरपूर असतं, प्राणवायू फार कमी. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोरच्या समुद्रात हे कित्येक वर्षं मोजत आली आहे. हे पोषक पाणी मासळीला वरदान आहे, म्हणून तर आपल्याला बांगडे आणि तारले मिळतात. घरच्या टाकीत मात्र त्यातून शेवाळ माजतं. उन्हाळ्याच्या शेवटी किनाऱ्यावर तेलाचे काळे चिकट गोळे येतात, तो आणखी एक काळजीचा भाग.

आणलेलं पाणी तसंच ओतायचं नसतं, हे नव्याने सुरुवात करणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही. त्यात सूक्ष्म प्लवक असतात. कॅनमध्ये ते मरतात आणि पाणी बिघडवतात. परजीवीही असू शकतात. बारीक कापडातून गाळून, अंधारात झाकून किमान दोन आठवडे ठेवायचं, वरचं नितळ पाणी काढून घ्यायचं आणि वापरण्याआधी दिवसभर हवा सोडायची. पक्की खात्री हवी तर ब्लीचने निर्जंतुक करून मग थायोसल्फेटने क्लोरीन मारायचा. म्हणजे एक कॅन वापरात आणि दोन कॅन पलंगाखाली, असं कायम चालू राहतं.

पाकिटातलं मीठ

हिशेब लहान टाकीचाच करू. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ४० उंच अशी टाकी ७२ लिटरची होते. वरची मोकळी जागा आणि आतले दगड वजा केले तर प्रत्यक्ष पाणी साधारण ६० लिटर. त्याला सव्वादोन किलोच्या आसपास मीठ लागतं. दर पंधरवड्याला आठ लिटर पाणी बदललं तर वर्षाकाठी २०८ लिटर होतं, म्हणजे साडेसात किलो मीठ. पहिल्या वर्षाची एकूण गरज दहा किलोच्या आत बसते. आता हेच २०८ लिटर समुद्रावरून आणायचं म्हटलं तर वीस लिटरचे अकरा कॅन, आणि पावसाळ्याचे चार महिने त्यातून वगळायचे. पेट्रोल, वेळ, गाडीच्या डिकीत सांडलेल्या खाऱ्या पाण्याने धरलेला गंज, हे सगळं धरलं तर "पाण्याचा खर्च शून्य" हा आकडा टिकत नाही.

मिठाबरोबर खरा खर्च येतो तो गोड्या पाण्याचा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. विहिरीचं पाणी आपल्या जांभ्या मातीतून येतं, त्यात लोह असू शकतं. दोन्ही सरळ वापरू नये. घरचा आरओ चालतो, पण बऱ्याच घरगुती यंत्रांत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा स्वस्तातला टीडीएस मीटर घेऊन एकदा तपासा. आकडा दहाच्या खाली असेल तर उत्तम, पन्नास-साठ असेल तर यंत्र दुरुस्त करणाऱ्याकडून ती मिसळ बंद करून घ्या किंवा टाकीसाठी वेगळा फिल्टर बघा.

आणि मिठागराचं मीठ? मावसभावाने हेही विचारलंच. आगरवाड्याचं किंवा हडफड्याचं मीठ समुद्राच्या पाण्यापासूनच तर बनतं. बनतं खरं, पण ते अख्खा समुद्र नसतं. मिठागरात पाणी आटत जातं तसं आधी कॅल्शियमचे क्षार खाली बसतात, मग खायचं मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम-पोटॅशियम उरलेल्या कडवट पाण्यात राहतं. ते पाणी आगरकर काढून टाकतो. हे मीठ लोणच्याला अव्वल, टाकीला निरुपयोगी. त्यात मासा काही दिवस जगेल, पण अर्ध्या समुद्रात.

आणखी एक उपकरण दोन्ही पर्यायांत लागतं, ते म्हणजे पाण्याचा खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर. काट्याचं प्लॅस्टिकचं हायड्रोमीटर स्वस्त असतं, पण काट्याला बुडबुडा चिकटला की आकडा चुकतो. पैसे वाचवायचे तर दिव्यात वाचवा, यात नको.

माझा निर्णय मी मिठाच्या बाजूने केला, आणि साठ-सत्तर लिटरच्या टाकीसाठी तुम्हालाही तेच सुचवीन. लहान टाकीला चढउतार सोसत नाहीत आणि मिठाचं पाणी जूनमध्येही जानेवारीसारखंच बनतं. दोनशे लिटरच्या वरची टाकी असेल, घर किनाऱ्याला लागून असेल, पाणी साठवायला पिंपं आणि जागा असेल, तर हिवाळा-उन्हाळ्यात समुद्राचं आणि पावसाळ्यात मिठाचं अशी जोड चांगली चालते. एका टाकीत हळूहळू दोन्ही मिसळायला हरकत नाही, घनता जुळली की झालं.

तीस लिटर की सत्तर

दुकानात तीस लिटरची नॅनो टाकी फार देखणी दिसते. मेजावर मावते, दिवा आणि फिल्टर अंगचाच असतो. नवख्याला तीच सोपी वाटते, पण ती सत्तर लिटरच्या टाकीपेक्षा अवघड आहे. कारण साधं आहे: पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. मे महिन्यात पंखा लावलेल्या नॅनोतून दिवसाला लिटरभर पाणी उडालं असं धरू. आत खरं पाणी असतं पंचवीस लिटर. तुम्ही लग्नाला तीन दिवस गावी गेलात तर परत येईपर्यंत क्षारता ३५ वरून जवळपास ४० वर गेलेली असते. मोठ्या टाकीतून रोज दीड लिटर उडालं तरी ६० लिटरात ती ३८ च्या आत राहते. उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी गोडं पाणी घालायचं, खारं नव्हे. काचेवर पेनने रेघ ओढून रोज सकाळी तितकं भरायचं, एवढीच ती शिस्त.

चवथीला मूळ घरी पाच दिवस जायचं असतं तेव्हाही मोठी टाकी निभावून नेते. धडधाकट मासे चार-पाच दिवस उपाशी राहू शकतात. शेजाऱ्याला खाद्याची डबी देऊन जाऊ नका, प्रेमाने मुठीने घालतात. गोडं पाणी मात्र मोजून भरलेल्या बाटल्यांतून रोज एक ओतायला सांगा.

मोठ्या टाकीची एकच अडचण म्हणजे वजन. पाणी, काच, दगड मिळून ऐंशी-नव्वद किलो होतं. लोखंडी स्टँड आपल्या दमट हवेत गंजतो आणि साधा प्लायवूड फुगतो. जाड मरीन प्लाय किंवा सरळ बांधीव कट्टा बघा. बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीवर) ठेवू नका, दुपारचं ऊन येतं.

चिलर, पंखा की काहीच नको

इथे माझं मत दुकानदारांशी जुळत नाही. चिलरची, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राची, किंमत बाकी सगळ्या सामानाच्या बेरजेच्या आसपास जाते, आणि फक्त क्लाउनफिश ठेवायचे असतील तर बहुतेकांना तो लागत नाही. अंदमानच्या ज्या समुद्रात हा मासा राहतो तिथलंही पाणी २८-२९ अंश असतं. टाकी २६ ते २९ मध्ये स्थिर राहिली तर तो मजेत असतो. पाण्यावर वारा मारणारा छोटा पंखा दोन-तीन अंश उतरवतो, मात्र हवा फार दमट असेल तर कमी. एसी रात्री चालू आणि दिवसभर बंद अशी खोली मी टाळेन. रोजचा तीन-चार अंशांचा झोका कायमच्या २९ पेक्षा वाईट. प्रवाळ ठेवायचे ठरले तर चिलरचा विचार करावा लागेल, पण ती वेगळी टाकी आणि वेगळं बजेट.

चिलरचे पैसे वाचतात त्यातला थोडा भाग बॅटरीवर चालणाऱ्या हवेच्या पंपावर घाला. मृगाच्या पहिल्या वादळात वीज जाते तेव्हा टाकीला गारव्याआधी प्राणवायू लागतो. वायर प्लगकडे नेताना खाली एक झोल ठेवा, म्हणजे ओघळणारं खारं पाणी बोर्डात जात नाही.

पाळीव पिल्लं की समुद्रातून पकडलेले

यात दुसरी बाजू मांडायलाही मन होत नाही. टाकीत जन्मलेलीच घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाचं तंत्र आपल्याकडे बसवलेलं आहे आणि पाळीव पिल्लं मिळतात. ती विकायला येईपर्यंत कोरड्या खाद्याला सरावलेली असतात आणि काचेला बुजत नाहीत. पकडून आणलेल्यांत ब्रूकलिनेला नावाचा परजीवी पुष्कळदा दिसतो. अंगावर पांढरट बुळबुळीत थर येतो आणि दोन-तीन दिवसांत मासा जातो. दुकानदाराला समोर खाद्य घालायला सांगा. खाणारा मासा घ्या, कोपऱ्यात धापा टाकणारा दयेपोटी घेऊ नका. दुकानातल्या पाण्याची घनताही मोजा. खर्च वाचवायला तिथे ती पुष्कळदा कमी ठेवलेली असते, मग घरी आणल्यावर तास-दीड तास थेंबाथेंबाने आपलं पाणी मिसळत जावं लागतं.

दोनच घ्या, एक थोडा मोठा आणि एक लहान. क्लाउनफिश जन्मतः नर असतात आणि जोडीतला मोठा पुढे मादी होतो. तिसरा आणला तर त्याला कोपऱ्यात दाबून मारतात.

समुद्रफूल, म्हणजे अ‍ॅनिमोन, पहिल्या वर्षी नकोच. त्याला तीव्र प्रकाश आणि जुनी, मुरलेली टाकी लागते, आणि त्याच्याशिवाय मासे सुखात राहतात. किनाऱ्यावरून दगड-वाळूही आणू नका. जांभ्यातून लोह सुटतं. प्रवाळ तर जिवंत असो वा मेलेला, समुद्रातून उचलणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. दुकानातले कोरडे सच्छिद्र दगड आणि अ‍ॅरॅगोनाइट वाळू घ्या.

मावसभावाला शेवटी वेळापत्रक सांगितलं. वाढदिवसाला मासे येणार नाहीत. त्या दिवशी मुलीच्या हाताने बादलीत मीठ कालवायचं, रिफ्रॅक्टोमीटरमधून तिलाच निळी रेघ बघू द्यायची, दगड तिने रचायचे आणि चिमूटभर खाद्य रिकाम्या टाकीत टाकायचं. ते कुजून अमोनिया होईल, जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतील. चार ते सहा आठवडे तिने वहीत आकडे लिहायचे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मला फोन करायचा, मी म्हापशाहून येईन आणि आम्ही तिघं मिळून मासे आणायला जाऊ.