सांगलीतील कोरीव चामड्याचे दुकान

सांगलीच्या गणपती पेठेजवळ एक बाई स्वतःच्या नावाच्या पाटीखाली चामड्याच्या कलाकुसरीच्या वस्तू विकतात, आणि वस्तूंच्या आधी त्या पाटीचीच दखल घ्यावीशी वाटते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात सांगली व सातारा हे जिल्हेही येतात. या चपलेची वेणी घालण्याचे काम परंपरेने बायकांकडे असले, तरी दुकानाच्या पाटीवर त्यांचे नाव क्वचितच दिसते. यंत्रांच्या काळात हाताच्या कामाला पुन्हा मान मिळवून देऊ पाहणाऱ्या इंग्लंडमधील हस्तकला चळवळीतही चित्र फारसे निराळे नव्हते. लंडनमध्ये १८९८ साली निघालेला ‘गिल्ड ऑफ विमेन बाइंडर्स’ हा पुस्तकबांधणीकारांचा संघ नावाने स्त्रियांचा होता, पण तो काढून चालवला फ्रँक कार्स्लेक या पुस्तकविक्रेत्याने. त्याच काळातल्या पुस्तकबांधणीकार कॅथरीन ॲडम्स यांनी मात्र इंग्लंडमधल्याच ब्रॉडवे गावी स्वतःची बांधणीशाळा उभारली. या दुकानाचे नाते मला ॲडम्स यांच्याशी जुळते असे वाटते.

मी वहीचे एक वेष्टन आणि खांद्याची एक पिशवी घेतली. वेष्टनावरील वेलबुट्टी ठशाने छापलेली नसून हाताने उठवलेली आहे, हे नक्षीतल्या पानांच्या कडा थोड्या असमान आहेत त्यावरून कळते. असे काम बाभळीची साल, हिरडा यांसारख्या वनस्पतिज द्रव्यांनी कमावलेल्या कातड्यावरच चांगले होते, कारण ते ओलसर करून दाबले की वाळल्यावरही दाब तसाच राहतो. बाजारातील चामड्याच्या बहुतेक पर्सा ज्या क्रोम कातड्याच्या, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या कातड्याच्या असतात, ते दाब धरत नाही. बाई हा फरक दोन तुकडे हातात देऊन दाखवतात, आणि बाराशे रुपये ही किंमत मग जास्त वाटत नाही.

पिशवीबद्दल मात्र तक्रार आहे. वरचे कातडे उत्तम, कडांची शिवण सरळ, पण आतले अस्तर पातळ आणि चेन हलक्या प्रतीची असल्याने इतक्या मेहनतीचे काम लवकरच दुरुस्तीला न्यावे लागेल. घ्यायचे तर वेष्टने आणि पाकिटे घ्यावीत. नक्षी आपल्या पसंतीची हवी असेल तर आगाऊ सांगावे लागते, आणि सणाच्या दिवसांत बराच वेळ लागतो. पावसाळ्यात या कातड्याला बुरशी धरते, तेव्हा तेलपाणी कसे करावे याची एक चिठ्ठी बाईंनी प्रत्येक वस्तूसोबत द्यायला हवी. विचारल्याशिवाय त्या सांगत नाहीत.