कॅटॅलिटिक की इन्फ्रारेड? अलार्म आणि फॉल्टच्या बाजूने तुलना

ज्वलनशील वायूसाठी भिंतीवर कायमचा बसवायचा डिटेक्टर निवडताना दोनच प्रकार समोर येतात: कॅटॅलिटिक, ज्याला पेलिस्टर म्हणतात, आणि इन्फ्रारेड, म्हणजे आयआर. किमतीत पेलिस्टर सरस, आयुष्यात आयआर. पण पॅनलवर शून्य दिसतं तेव्हा त्या शून्यावर कितपत विसंबायचं, हे आधी पाहावं. अलार्मचे आकडे त्यावरच ठरतात.

काही ठिकाणी निवडीला वावच नसतो. हायड्रोजन आयआरला दिसत नाही, त्यामुळे बॅटरी रूममध्ये आयआर लावणं म्हणजे भिंतीला डबा टांगणं. उलट नायट्रोजन भरलेल्या टाकीत पेलिस्टर निरुपयोगी, कारण त्याला वायू जाळायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन साधारण १० टक्क्यांच्या खाली गेला की त्याच्या रीडिंगला अर्थ उरत नाही.

पेलिस्टरमध्ये प्लॅटिनमच्या तारेवरचे दोन मणी सुमारे ५०० अंश सेल्सिअसला तापलेले असतात. एकावर उत्प्रेरक असतो, दुसऱ्यावर नसतो. वायू पहिल्यावर जळतो, त्याचा रोध वाढतो आणि दोन्ही मण्यांचे रोध तोलणाऱ्या ब्रिज सर्किटचा तोल ढळतो. तार तुटली तर ट्रान्समीटर, म्हणजे पॅनलला सिग्नल पाठवणारा भाग, लगेच फॉल्ट (बिघाडाचा इशारा) देतो. मात्र सिलिकॉन सीलंट, पॉलिश किंवा मोल्ड रिलीज स्प्रेची वाफ मण्यावर बसून उत्प्रेरक मेला, तर मणी गरमच राहतो, ब्रिज तोलात राहतो आणि पॅनलला ठणठणीत ४.० मिलीअँपिअर मिळत राहतात (सिग्नल ४ ते २० मिलीअँपिअरचा असतो; ४ म्हणजे वायू शून्य). फॉल्ट नाही, अलार्म नाही, आणि वायू आला तरी नाही. हायड्रोजन सल्फाइडनेही मणी मंदावतो; स्वच्छ हवेत तो थोडाफार सावरतो, सिलिकॉनचं विष मात्र उतरत नाही.

म्हणून पेलिस्टरला बंप टेस्टशिवाय (थोडा वायू सोडून प्रतिसाद पाहण्याशिवाय) पर्याय नाही, आणि ती मिथेननेच करावी. मिथेन जाळायला सगळ्यांत अवघड. अर्धमेला मणी हायड्रोजन किंवा प्रोपेनला छान प्रतिसाद देतो आणि मिथेनला ढिम्म राहतो. लायटरचा गॅस सोडून ‘चालतोय’ म्हणणारी टेस्ट तर करूच नये: मणी त्याने होरपळू शकतो आणि रीडिंगचा आकडा तपासायला काही आधारही मिळत नाही.

आयआर दोन तरंगलांबींची तुलना करतो: एक वायू शोषतो ती, दुसरी तो शोषत नाही ती. काच मळली किंवा दिवा मंद झाला तर दोन्ही एकत्र घटतात, गुणोत्तर फारसं बदलत नाही. प्रकाश फारच घटला की ट्रान्समीटर स्वतःच ‘ऑप्टिक्स’ फॉल्ट देतो. बिघाड बोलून दाखवण्याचा हा गुण जादा किमतीइतका मोलाचा आहे. तरी ‘फेल-सेफ’ हा शब्द पूर्ण खरा मानू नका. बाहेरचं पावसाळी आवरण रंगाने किंवा धुळीने बुजलं तर आतली काच चकचकीत असते, फॉल्ट येत नाही आणि वायू आत पोचत नाही. पेलिस्टरच्या सिंटर (सच्छिद्र धातूच्या) जाळीचंही तेच. त्यामुळे आयआरला टेस्ट कमी वेळा लागते, पण लागते.

लूपवरचे आकडे दोघांना सारखेच: ० ते १०० टक्के एलईएलच्या (हवेतला वायू पेट घेऊ शकेल अशा किमान प्रमाणाच्या) रेंजवर १० टक्के म्हणजे ५.६ मिलीअँपिअर, २० म्हणजे ७.२, ४० म्हणजे १०.४. फॉल्ट ४ च्या खाली दाखवतात. बऱ्याच डिटेक्टरांत १ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर बिघाड, २ च्या आसपास म्हणजे इनहिबिट (अलार्म मुद्दाम रोखलेला) किंवा मळकी काच. नेमका अर्थ मॅन्युअलमध्येच पाहावा. ३.२ मिलीअँपिअर म्हणजे उणे ५ टक्के. असं उणे रीडिंग किरकोळ समजू नका: हवेत थोडा वायू असताना झिरो केलं, म्हणजे त्याच हवेला शून्य ठरवलं, की असंच होतं, आणि पुढचा प्रत्येक अलार्म तितकाच उशिरा वाजतो.

प्रचलित सेटिंग म्हणजे पहिला अलार्म २० टक्के, दुसरा ४०. आयआरचं झिरो स्थिर असल्याने पहिला १० वर आणता येतो. पेलिस्टरला १० दिलं तर झिरो सरकल्याने खोटे अलार्म येतात, आणि मग कोणीतरी तो चॅनलच इनहिबिट करून ठेवतो. त्यापेक्षा २० परवडलं.

दुसरा अलार्म लॅचिंग असावा, म्हणजे कोणी रीसेट करेपर्यंत वाजत राहणारा. पेलिस्टरच्या बाबतीत यात तडजोड नको. वायू फार दाट झाला की ऑक्सिजन कमी पडतो, जळणं मंदावतं आणि रीडिंग शंभरावरून पुन्हा खाली येतं, पार शून्यापर्यंतही. लॅच नसेल तर सर्वांत धोकादायक क्षणी भोंगा बंद होईल. आयआर २० मिलीअँपिअरच्या वरच टिकून राहतो. फॉल्टचा रिले मात्र दोन्हींत नेहमी ऊर्जित ठेवा, म्हणजे सप्लाय गेला तरी फॉल्ट वाजेल.

कॅलिब्रेशनचा सिलिंडर पेलिस्टरसाठी हवेत मिसळलेलाच घ्या. नायट्रोजनमधला मिथेन आयआरला चालतो, पेलिस्टर त्यात चुकीचं सांगतो. मिथेनची एलईएल ५ टक्के धरली की ४.४, हेही पाहा: २.५ टक्के मिथेनचा सिलिंडर पहिल्या हिशेबात ५० दाखवायला हवा, दुसऱ्यात ५७. तुमचा वायू मिथेनपेक्षा जड असेल तर मॅन्युअलमधला दुरुस्तीचा गुणक वापरा. मिथेनवर लावलेला पेलिस्टर जड वायूला साधारणपणे कमी दाखवतो, तर प्रोपेनवर लावलेला आयआर मिथेनला कमी दाखवतो. या दोन्ही चुका सुरक्षिततेच्या विरुद्ध बाजूच्या आहेत.

आधीच्या पेलिस्टरच्या जागी आयआर लावणार असाल तर केबल मोजा. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम. ५०० मीटर जाऊन-येऊन १२ ओहम झाले. काच तापवणाऱ्या हीटरसह डिटेक्टरने ०.२ अँपिअर घेतले तर २.४ व्होल्ट वाटेतच जातात. २४ व्होल्टच्या सप्लायला हे पचतं, पण बॅटरीवर २१ व्होल्ट उरले की दूरचा डिटेक्टर पुन्हापुन्हा रिस्टार्ट होऊन फॉल्ट देऊ शकतो. शिवाय जुन्या पॅनलमध्ये ३ मिलीअँपिअरच्या खालचं सगळं नुसतं ‘फॉल्ट’ म्हणून दिसत असेल, तर २ च्या सिग्नलसाठी वेगळा संदेश लावून घ्या. नाहीतर कापडाने काच पुसायची की सेन्सर बदलायचा, हे शिडी लावून वर चढल्यावरच कळेल.