चुनी, पी. के. की छेत्री? भिंतीवर एकच चेहरा काढायचा असेल तर

भारतीय फुटबॉल संघाचा आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण, हा वाद सोलापुरात फार वेळ टिकत नाही. एक जण ‘छेत्री’ म्हणतो, दुसरा ‘आणि कोण’ म्हणतो, की लगेच विषय क्रिकेटवर. पण ज्याला खरंच एक नाव ठरवायचं असतं, त्याचं एवढ्यावर भागत नाही. मंडळाच्या सेव्हन-अ-साइड स्पर्धेचा चषक असो नाहीतर मैदानाकडेच्या खोलीची भिंत, तिथं नाव एकच बसतं. आम्ही आमच्या भिंतीसाठी ते ठरवलं. आता शहराच्या पूर्व भागातल्या एका मंडळाची पोरं तोच प्रश्न घेऊन आली आहेत, म्हणून आमचं कसं ठरलं ते सांगतो.

पूर्व भागाचं नाव निघालं की तुलसीदास बलराम यांना टाळून पुढं जाता येत नाही. बलराम सिकंदराबादचे, आणि पूर्व भागातल्या कितीतरी घरांची सोयरीक त्या बाजूला. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये हंगेरीविरुद्ध आणि पेरूविरुद्ध भारताचे गोल त्यांचेच. छातीच्या आजारानं १९६३ मध्येच खेळ सुटला, नाहीतर आज या यादीत त्यांचं नाव आधी घ्यावं लागलं असतं. कुणी बलराम यांचं चित्र काढलं तर मी एका शब्दानंही अडवणार नाही. (सुनील छेत्रीचा जन्मही सिकंदराबादचाच, हे तिथल्या पोरांना सांगितलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.) पण आमच्याकडे चर्चा शेवटी तिघांवर आली: चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आणि छेत्री.

छेत्रीपासून सुरुवात करू, कारण त्याला मी डोळ्यांनी पाहिलंय. जून २०१८ मध्ये मुंबईत चार देशांची स्पर्धा होती. पहिल्या सामन्यात त्यानं तैवानविरुद्ध तीन गोल मारले, भारत ५-० जिंकला आणि स्टेडियममध्ये जेमतेम अडीच हजार माणसं. मग त्यानं ‘आम्हाला शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या’ अशा अर्थाचं कळकळीचं आवाहन केलं. आम्ही काही जण रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरून निघालो. ४ जूनचा केनियाविरुद्धचा तो सामना, धो धो पाऊस, अंधेरीचं ते मैदान गच्च भरलेलं. चेंडू पाण्यात अडकत होता, पहिला हाफ नुसत्या चिखलात गेला. दुसऱ्या हाफमध्ये आधी त्याची पेनल्टी, मग जेजेचा गोल आणि अगदी शेवटी गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद टाकलेला त्याचा दुसरा. ३-०. माझ्या शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस मला मिठी मारून रडत होता. माझ्या लेखी छेत्रीचं वजन या एका संध्याकाळीनं ठरतं, गोलांच्या तक्त्यानं नाही. आकडे तुम्हाला पाठ असतीलच, ते पुन्हा सांगत नाही.

त्याच्या बाजूनं आणखी एक गोष्ट फार जड आहे. तो उंच नाही. आमच्याकडे येणारी बहुतेक पोरंही उंच नाहीत. स्वतःपेक्षा वीतभर उंच बचावपटूच्या आधी उडी घेऊन डोक्यानं गोल कसा मारायचा, हे मोबाइलवर छेत्री लावून दाखवता येतं. पाऊल कुठं पडलं, उडी कधी घेतली, मान कशी वळली, सगळं थांबवून थांबवून दिसतं. पी. के. आणि चुनी यांच्या बाबतीत हे अजिबात जमत नाही. पोरांना समोर बसवून दाखवावं असं त्यांच्या खेळाचं चित्रण हाताला लागत नाही. फोटो आहेत, जुन्या लोकांनी लिहिलेलं आहे, पण फोटोतला माणूस पळत नाही. ही उणीव मी लहान मानत नाही. दहा वर्षांच्या पोराला पटवायचं असेल तर छेत्रीच सोपा, हे मान्य करूनच पुढचं वाचा.

चुनीदांचं पारडं वेगळ्या कारणानं जड आहे. तिघांत चेंडूवरची हुकूमत सर्वांत जास्त त्यांची असावी, असं त्या काळच्या सगळ्यांच्या लिहिण्यातून दिसतं. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचे ते कर्णधार. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध ३-२ नं निसटता विजय मिळाला, त्यात दोन गोल त्यांचे. १९६४ च्या आशियाई चषकात भारत उपविजेता ठरला, तेव्हाही कर्णधार तेच. क्लब आयुष्यभर एकच, मोहन बागान. वर क्रिकेटमध्ये बंगालचे कर्णधार होऊन रणजीच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल. असा माणूस आपल्या देशात पुन्हा झाला नाही. तरी ते आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून बाहेर पडले ते सत्ताविसाव्या वर्षापर्यंतच. त्यांची कारणं त्यांना ठाऊक, आणि तो त्यांचा हक्क. पण ज्या गावात चांगला पाय असलेलं पोरगं सतराव्या-अठराव्या वर्षी टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांकडे वळतं, तिथं भिंतीवर हे नाव लिहिताना माझा हात जरा अडखळतो.

आता ज्या गोष्टीनं माझ्यापुरता निकाल लागला ती सांगतो. वरवर पाहता तिचा या तिघांशी संबंध नाही.

आमच्याकडे कुणालाच कडेला खेळायचं नसतं. पोरांना दोन संघांत वाटा, जागा नेमून द्या, उजव्या कडेला सर्वांत वेगवान पोरगं उभं करा. पाच मिनिटांत ते मधे आलेलं असतं. डावीकडचंही मधे. सातातले पाच जण गोलसमोर चेंडूची वाट पाहत उभे, आणि दोन्ही कडा मोकळ्या. मी लाइनवरून ‘लाइन धर, लाइन धर’ म्हणून ओरडतो. उत्तर येतं, ‘सर, मग गोल कोण मारणार?’ एका पोराचे वडील तर माझ्याकडे येऊन म्हणाले, ‘काय ओ सर, आमच्या पोराला कोपऱ्यात का उभं केलंय? त्याचं काही चुकलं का?’ कडेला उभं करणं ही त्यांना शिक्षा वाटली. मी त्यांना समजावून सांगितलं की सर्वांत जास्त पळू शकणाऱ्यालाच ती जागा मिळते. त्यांनी मान डोलावली, पण पटलं नव्हतं. स्पर्धांमध्येही हेच. सर्वाधिक गोल करणाऱ्याला रोख बक्षीस असतं. गोल ज्याच्या पासवर झाला त्याचं नाव कुणी कागदावर लिहूनसुद्धा घेत नाही.

हे छेत्रीमुळं झालं असं मी म्हणणार नाही. तो स्वतः किती धावतो, मागं येऊन किती चेंडू मिळवतो, हे मी अंधेरीच्या त्या पावसात पाहिलंय. पण पोरं त्याच्यातलं नेमकं काय उचलतात? डावीकडून आत यायचं आणि मारायचं. अकरा नंबरचा टी-शर्ट मागणारी दहा पोरं आणि क्रॉस टाकणारं एकही नाही.

हाच रोग मोठ्या संघालाही होता असं मला वाटतं. जानेवारी २०२४ मध्ये कतारला आशियाई चषकात भारत तिन्ही सामने हरला आणि एकही गोल झाला नाही. छेत्री होता, पण त्याच्यापर्यंत चेंडू पोचवणारं कुणी दिसलं नाही. त्याच वर्षी ६ जूनला कोलकात्यात कुवेतविरुद्धचा सामना ०-० सुटला आणि १५१ सामने, ९४ गोल करून तो थांबला. वर्षही झालं नाही तोच चाळिशीतल्या त्या माणसाला परत बोलवावं लागलं. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध त्यानं पुन्हा डोक्यानं गोल मारला. तो गोल सगळ्यांनी फिरवला. त्याआधी लिस्टन कोलासोनं टाकलेला क्रॉस कुणाच्या लक्षात आहे?

माझं मन पी. के. यांच्याकडे गेलं ते इथं. ते उजव्या कडेचे. वेग, खणखणीत शॉट आणि क्रॉस, अशी त्यांची ओळख. १९६२ ची जकार्ता बघा. पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ हरलो. मग थायलंडला ४-१ आणि जपानला २-० हरवलं. अंतिम फेरीत पुन्हा तोच कोरिया. प्रेक्षक पूर्ण विरोधात, कारण इस्रायल आणि तैवानला स्पर्धेबाहेर ठेवण्यावर आपले क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर आक्षेप घेतला होता आणि जकार्ता त्यावर खवळली होती. गोलकीपर थंगराज तापातून उठून उभा. बचावपटू जर्नेल सिंग डोक्याला टाके घालून, तेही पुढं फॉरवर्ड म्हणून. १७ व्या मिनिटाला पी. के. यांनी गोल केला, २० व्याला जर्नेलनं. २-१ नं सुवर्ण. त्या स्पर्धेत पी. के. यांचे एकूण चार गोल. त्याच संघात चुनी आणि बलराम यांचेही गोल आहेत. म्हणजे कडेचा माणूस स्वतः मारत होता आणि आतल्यांनाही मारायला मिळत होतं. प्रशिक्षक रहीमसाहेबांनी बांधलेला तो संघ एका पायावर उभा नव्हता.

त्याआधी १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला, त्या संघातही ते होते. (ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा आपल्या मुंबईचे, त्यांच्यावर कुणीतरी वेगळं लिहायला हवं.) १९६० ला रोममध्ये ते कर्णधार होते आणि फ्रान्सविरुद्धच्या १-१ मध्ये भारताचा गोल त्यांचा.

आणखी एक कारण आहे आणि ते सरळ सांगतो. मी रेल्वे लाइन्समध्ये वाढलो, घरात रेल्वेचा पगार. पी. के. ईस्टर्न रेल्वेचे. कोलकात्यातल्या मोठ्या क्लबांची दारं त्यांना कधी बंद नव्हती, तरी ते रेल्वेकडूनच खेळत राहिले. १९५८ मध्ये ईस्टर्न रेल्वेनं कलकत्ता लीग जिंकली. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन यांच्याबाहेरचा विजेता त्यानंतर थेट २०१९ मध्येच दिसला. नोकरी सांभाळून सरावाला येणाऱ्या पोरांना ही गोष्ट सांगितली की ती सरळ बसून ऐकतात. माझं माप इथं थोडं झुकतं हे तुम्ही धरून चाला.

बूट उतरवल्यावरही ते थांबले नाहीत. त्यांच्या हाताखाली ईस्ट बंगालनं १९७५ च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानला ५-० हरवलं. दोन वर्षांनी ते मोहन बागानकडे होते, तेव्हा पेले असलेल्या न्यूयॉर्कच्या कॉसमॉस क्लबला त्यांच्या संघानं २-२ रोखलं. सामन्याआधी खोलीत ते जे बोलत, त्याला बंगालमध्ये ‘व्होकल टॉनिक’ म्हणत. छेत्री पुढं काय करेल ते काळ सांगेल, त्याच्याकडून माझी अपेक्षा मोठीच आहे. पण दुसऱ्यांना खेळतं करण्याचं काम पी. के. यांचं करून झालंय.

भिंतीवर पी. के. यांचं चित्र काढल्यापासून आमच्याकडे एक सराव सुरू केला. उजव्या लाइननं शेवटपर्यंत जायचं, मान वर करायची आणि चेंडू मागं द्यायचा. पोरांनीच त्याला नाव दिलं, ‘पी. के. मारणे’. आता सामन्यात कुणी मधे घुसायला लागला की मी ओरडायच्या आधी त्याच्याच संघातलं पोरगं ओरडतं, ‘ए, पी. के. मार बे!’ कोपऱ्यात उभा राहायला तयार असलेली पोरं वाढली आहेत. ही काही मोजणी नाही, रोज संध्याकाळी जे दिसतं ते सांगतोय.

तर पूर्व भागातल्या पोरांनो, तुमच्याकडे दहा-बारा वर्षांखालची मुलं जास्त असतील तर छेत्री काढा. त्यांना पाहून शिकायचंय आणि त्याच्याइतकं पाहण्याजोगं दुसरं कुणी नाही. पोरं जरा मोठी असतील, संघ बांधायचा असेल, तर माझं मत पी. के. यांना. भिंत रुंद असली तर त्यांना उजव्या टोकाला धावताना काढा आणि डावीकडे जागा सोडा, तिथं चुनी आणि बलराम बसतील. पेंटरला १९६० च्या आसपासचा फोटो द्या, म्हातारपणातला नको. आणि पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत घेऊ नका, आपल्या उन्हात तिच्यावरचा निळा रंग टिकत नाही.