साधना साप्ताहिक : वर्गणी भरण्याआधी

ताज्या बातमीसाठी ‘साधना’ लावू नका. अंक छापून, पोस्टातून घरी पोचेपर्यंत राजकारणातला तो डाव बहुधा मोडलेला असतो. टीव्हीवर ज्यावर दोन दिवस आरडाओरडा झाला, त्याच्या मुळाशी काय आहे हे शांतपणे वाचायचं असेल, तर मात्र मराठीत याच्या तोडीचं फार थोडं उरलं आहे.

साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेलं हे साप्ताहिक आज पुण्याच्या शनिवार पेठेतून साधना ट्रस्ट चालवतो. नफा काढणारा मालक नाही, पण कागद-छपाईचा खर्च कुणाला चुकलाय! साधना प्रकाशनाची पुस्तकं हा तो खर्च भागवण्याच्या खटाटोपाचाच भाग. अंकातली लेखमाला पुढे अनेकदा पुस्तक होऊन येते. तेव्हा वर्गणीदाराने पुस्तक घेण्याआधी मागचे अंक चाळावेत, नाहीतर तोच मजकूर दोनदा विकत घेतला जातो.

वळण समाजवादी आहे आणि ते लपवलेलंही नाही. तरी हे एका गोटाचं मुखपत्र म्हणता येत नाही. १९७२ साली अनिल अवचटांनी संपादित केलेल्या स्वातंत्र्यदिन विशेषांकात दलित पँथरचे राजा ढाले यांचा दलितांवरच्या अत्याचारांविषयीचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. यदुनाथ थत्ते तेव्हा संपादक होते. स्वतःच्याच वाचकाला बोचेल असं छापण्याची ती धमक अधूनमधून आजही दिसते. माझ्या मते आणखी वारंवार दिसायला हवी. नरेंद्र दाभोलकरांनी २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून होईपर्यंत संपादकपद सांभाळलं. त्यानंतर विनोद शिरसाठ संपादक आहेत.

कंटाळा येतो तो अंकात छापलेल्या भाषणांचा. सभागृहात तीच गोष्ट तीनदा सांगितली तरी खपते, कागदावर ती जड होते. स्मृती-विशेषांकांचंही तसंच: ती व्यक्ती आधी माहीत नसेल तर निम्मा अंक परका वाटतो. अशा वेळी संपादकीय आणि मुलाखत वाचून बाकीचं बाजूला ठेवावं. लेखमाला मधूनच धरू नये. पहिला भाग संकेतस्थळावरच्या जुन्या अंकांत शोधावा. अंकाची तारीख हाताशी असली की काम सोपं होतं. रोज थोडं वाचायची सवय असेल तर ‘कर्तव्य साधना’ हे डिजिटल पोर्टल आहे, पण छापील अंकाची शिस्तशीर निवड तिथे जाणवत नाही.

नव्या वाचकाने दिवाळीपासून सुरुवात करावी. नेहमीच्या दिवाळी अंकाखेरीज बालकुमार आणि युवा असे वेगळे अंक निघतात. शाळेच्या वाचनालयासाठी बालकुमार अंक एकगठ्ठा घ्यायचा असेल, तर मागणी दिवाळीच्या बरीच आधी नोंदवावी. वर्गणी भरताना पिनकोड आणि मोबाइल नंबर नीट लिहावा, आणि अंक चुकला तर त्याच महिन्यात कळवावं.