काळी, ऑटोमॅटिक की जुकी?

धाकटी जाऊ पुण्यात धायरीला वन बीएचकेत राहते. शिवणाचा क्लास संपला तसा तिचा फोन आला, "ताई, मशीन कुठली घेऊ? दुकानात एकवीस टाक्यांची ऑटोमॅटिक दाखवतायत."

माझ्याकडे सासूबाईंची काळी पायमशीन आहे आणि आठ वर्षांपासून ऑटोमॅटिकही आहे. तिच्यातले टाके मी वापरते ते चारच: सरळ, झिगझॅग, काज आणि कधीमधी ब्लाइंड हेम, म्हणजे वरून न दिसणारी दुमड. बदकांची नक्षी एकदा घातली होती, भाचीच्या दुपट्यावर. तेव्हा टाके मोजत बसू नये, आपण काय शिवणार ते आधी ठरवावं.

अस्तराचे ब्लाउज, परकर, सुती कुर्ते एवढंच असेल, तर काळीला तोड नाही. ती फक्त सरळ टाका घालते, पण तो इतका नेटका बसतो की उसवायला जीव नको होतो. तिच्या प्लेटला सुईपुरतं गोल भोक असतं, त्यामुळे कापड चहूबाजूंनी धरलं जातं. झिगझॅगमध्ये सुई डावी-उजवी हलते, म्हणून ऑटोमॅटिकच्या प्लेटचं भोक आडवं, लांबट. मलमलीची किंवा शिफॉनची शिवण अगदी काठापासून सुरू केली, की कापड त्या फटीत ओढलं जातं आणि खाली दोऱ्याचा गुंता होतो. मी अजूनही खाली पातळ कागदाची पट्टी धरून सुरुवात करते. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

काळीला मोटर बसवता येते आणि गुरुवारी वीज गेली तर पायाचा पट्टा परत चढवता येतो. दुरुस्तीला गल्लीतला मिस्त्रीही चालतो. जुनी घेत असाल तर उलटा टाका आहे ना, ते बघा. काही जुन्या मशीनना तो नसतो. अडचण जागेची. बिडाचं धूड, एकदा मांडलं की कायमचं.

ऑटोमॅटिक उचलून कपाटात ठेवता येते, पण तिची खरी गरज पडते ती ताणणाऱ्या कापडाला. टी-शर्ट, लेगिंग सरळ टाक्यानं शिवलं की डोक्यातून घालतानाच शिवण तट्‌कन तुटते. झिगझॅग कापडाबरोबर ताणला जातो. सोबत बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची सुई हवीच, नाहीतर मधले टाके सुटतात. खणाच्या कापडाचे सुटणारे धागेही झिगझॅगनं आवरतात. मशीनचा पुढचा सुटा कप्पा काढला की अरुंद हात उरतो, त्यावर लहान मुलांच्या बाह्या आणि पायजम्याचे पाय सहज फिरतात. मात्र जीन्सच्या जाड जोडावर ती कण्हते. तिथे चाक हातानं फिरवावं. तिच्या सुईची दांडी एका बाजूनं चपटी असते. रविवार पेठेत अस्तर घ्यायला गेलात आणि घाईत जुकीची, म्हणजे कारखान्याच्या मशीनची गोल दांडीची सुई आणलीत, तर ती चालणार नाही.

कारखान्याच्या मशीनला सगळे जुकीच म्हणतात, मग कंपनी कुठलीही असो. मिनिटाला पाच हजार टाक्यांपर्यंत धावते, पण फक्त सरळ. रोजच्या ऑर्डरी घेत असाल तरच घ्या आणि मोटर सर्व्हो घ्या, ती पाय दाबला तरच फिरते. क्लचची मोटर शिवण थांबली तरी घुमत राहते, खालचे शेजारी वर येतील. बॅटरीवरची चिमुकली मशीन मात्र खेळणं समजा.

दुकानात खळ लावलेल्या कडक कापडावर नमुना दाखवतात. त्यावर कुठलीही मशीन छान शिवते. मी जावेला घरून मलमलीचा तुकडा, जुना टी-शर्ट आणि जीन्सचा कापलेला पाय घेऊन पाठवलं. तिची लेक तीन वर्षांची, कपडे बहुतेक होजियरीचे. सात टाक्यांची साधी ऑटोमॅटिक घेऊन आली. आता ब्लाउजसाठी सासूबाईंची काळी मागतेय. ती मी देणार नाही.