मुरघासासाठी गवत पोटरीत कापावं की फुलोऱ्यात?

मुरघास म्हणजे खड्ड्यात हवाबंद दाबून आंबवलेला हिरवा चारा. तो करणाऱ्यांत हा वाद जुना आहे: गवत पोटरीत, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणातच असताना कापायचं, की फुलोरा येऊन चारा वाढेपर्यंत थांबायचं?

थांबण्याचे फायदे खरे आहेत. एका कापणीत पाणी वगळूनही चारा जास्त मिळतो, सुकवायची कटकट फारशी राहत नाही आणि खड्ड्यातून रस झिरपत नाही. उलट पोटरीतल्या गवतात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. तसंच भरलं तर रसाबरोबर साखर वाहून जाते, आंबणं रेंगाळतं आणि ब्युटिरिक आम्ल करणारे जिवाणू माजतात. अशा कुजकट वासाच्या मुरघासाला जनावर नीट तोंड लावत नाही.

पण ओलाव्याला इलाज आहे. दव उडाल्यावर कापा, पातळ पसरा, मध्ये एकदा उलटा. कोरडा भाग २० वरून ३० टक्क्यांवर आला, म्हणजे १०० किलो गवताचं साधारण ६७ किलो झालं, की २-३ सेंमी कुट्टी करून भरा. वजनकाटा नसेल तर कुट्टी मुठीत अर्धा मिनिट घट्ट दाबून सोडा. रस निथळला तर अजून ओलं आहे. गोळा सावकाश उलगडला आणि तळहात नुसता ओलसर झाला, की भरायला घ्या. लगेच विस्कटला तर जास्त सुकलं.

फुलोऱ्यातल्या गवताचं दुखणं वेगळं, आणि माझा कल त्यावरच ठरतो. ताठ, पोकळ काड्या ट्रॅक्टरखाली दबतात आणि चाक पुढे गेलं की पुन्हा उसळतात. थरांत हवा राहते. खड्डा उघडल्यावर एक-दोन दिवसांत तोंडाकडचा मुरघास हाताला गरम लागतो, पाठोपाठ बुरशी येते. गव्हाणीत पानं संपतात, काड्या उरतात. गूळपाणी घाला नाहीतर कल्चर (आंबवणारे जिवाणू), काडीत एकदा भरलेलं लिग्निन, म्हणजे काडी टणक करणारा न पचणारा भाग, त्यानं मोडत नाही. रायग्राससारख्या गवतांत निसवल्यानंतर, म्हणजे कणीस बाहेर पडल्यावर, पचनीयता दिवसाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरते. आठवडाभर थांबलात तर वाढलेल्या ढिगातलं किती अंगी लागणार? प्रथिनंही घटतात, ती तूट पेंडीतून भरावी लागते.

भाकड किंवा आटवलेल्या गाईंना उशिराचा चारा चालतो, तिथे माझा आग्रह नाही. दुभत्या जनावरांसाठी मात्र पोटरीतलंच बरं, निदान सुकवण्यापुरतं ऊन मिळणार असेल तर.

उशीर झालाच असेल तर गवत १०-१५ सेंमी वरून कापा, म्हणजे सर्वांत टणक बुंधा शेतातच राहील. सुकवत बसू नका. कुट्टी १ ते १.५ सेंमी ठेवा, १५ सेंमीपेक्षा जाड थर टाकू नका. खड्ड्याचं तोंड अरुंद ठेवा, म्हणजे रोज २०-३० सेंमीचा सरळ काप निघेल आणि हवा लागलेला भाग गरम व्हायच्या आत गव्हाणीत जाईल.