वायडनिंग वापरून स्थिरबिंदू काढणे: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

इंदूरमधील आमच्या छोट्या गटाकडे पीथमपूरच्या कारखान्यांतील यंत्रांचा सी भाषेतील कोड तपासणीसाठी येतो. अ‍ॅरेच्या हद्दीबाहेर वाचन-लेखन होत नाही याची खात्री करून घ्यावी आणि जिथे ती पटेल तिथली सीमातपासणी ऑप्टिमायझरला (कंपायलरच्या कोड वेगवान करणाऱ्या भागाला) काढून टाकता यावी, यासाठी आम्ही एलएलव्हीएम या कंपायलर-संचावर इंटरव्हल अ‍ॅनालिसिस उभे केले; प्रत्येक चलाची किंमत कोणत्या किमान-कमाल मर्यादांत (इंटरव्हलमध्ये) राहील, हे ते कोड न चालवता काढते. पावसाळ्यापासून ते नियमित वापरात आहे.

गाभा संगणकशास्त्रज्ञ किल्डॉल यांच्या १९७३ च्या पद्धतीचा आहे: एखाद्या ब्लॉकची (सलग चालणाऱ्या सूचनांच्या गटाची) माहिती बदलली की त्याच्या पुढचे ब्लॉक वर्कलिस्टमध्ये, म्हणजे बाकी कामाच्या यादीत, टाकायचे आणि यादी रिकामी होईपर्यंत थांबायचे नाही; माहिती बदलायची थांबली की तोच स्थिरबिंदू. ब्लॉक रिव्हर्स पोस्टऑर्डरने (शक्यतो आधीचा ब्लॉक आधी, या क्रमाने) घेतले की काम झपाट्याने आटोपते. त्याबद्दल तक्रार नाही. मात्र इंटरव्हल एकेका आकड्याने वाढत राहू शकतो, म्हणून संगणकशास्त्रज्ञ कूझो दांपत्याने १९७७ मध्ये मांडलेले वायडनिंग (वाढती मर्यादा एकदम पुढे ढकलून फेऱ्या आटोपणे) लागते आणि खरी परीक्षा तिथेच होते.

० पासून १०० पर्यंत मोजणाऱ्या साध्या लूपमध्ये वायडनिंग वरची मर्यादा अनंताला नेते आणि नॅरोइंग (मर्यादा पुन्हा आवळणारी नंतरची पायरी) ती मुकाट्याने परत आणते. आमच्या कोडमध्ये मात्र जागोजागी रिंग बफर (शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून भरले जाणारे साठे) आहेत. न संपणाऱ्या लूपमध्ये डेटा आला तर idx (बफरमधील घराचा क्रमांक) एकने वाढतो, ६४ झाला की शून्य होतो, आणि डेटा आला नाही तर तसाच राहतो. या शेवटच्या वाटेने अनंत जसेच्या तसे लूपच्या तोंडाशी परत येते, त्यामुळे नॅरोइंग कितीही वेळा चालवले तरी काही उपयोग होत नाही आणि निर्दोष कोडवर इशारा उमटतो.

उपाय म्हणून कोडमधील स्थिरांक वायडनिंगचे टप्पे म्हणून दिले, म्हणजे मर्यादा थेट अनंताला न जाता आधी त्यांवर थांबते. येथे बारकावा असा की नुसता ६४ हा टप्पा पुरत नाही. मर्यादा ६४ वर अडकते आणि त्याच वाटेने तिथेच टिकते, तर बफरचे शेवटचे घर ६३ आहे. प्रत्येक स्थिरांकासोबत त्याहून एकने कमी असलेली संख्याही टप्प्यांत घातली, तेव्हा [०, ६३] हा अचूक स्थिरबिंदू मिळाला. वायडनिंग ६४ फेऱ्या लांबवूनही तोच निकाल येतो, पण ४०९६ घरांच्या बफरला तो मार्ग परवडत नाही.

i < n सारखे दोन चलांमधील नाते इंटरव्हलला दिसतच नाही. त्यासाठी डिफरन्स-बाउंड मॅट्रिक्स (चलांच्या जोड्यांमधील फरकाच्या मर्यादांचा तक्ता) आम्ही मोजक्याच फंक्शनांवर चालवतो, कारण तिचे क्लोजर (या मर्यादांमधून निघणाऱ्या सर्वात घट्ट मर्यादा) काढण्याचा खर्च चलांच्या संख्येच्या घनाने वाढतो.